जंतूंची काळजी झाली, आता मांड्यांचं बघू

वाचकाचं पत्र, थोडक्यात: मी ६६ वर्षांची आहे, यजमान ७२. गेल्या दोन-तीन वर्षांत यांच्या मांड्या बारीक झाल्यात, खुर्चीतून उठताना हातावर जोर द्यावा लागतो. वजन मात्र तेवढंच आहे, त्यामुळे 'स्नायू कुठे झडलेत?' असं हेच मला विचारतात. वाचून वाचून यांचं ठाम मत झालंय की आतड्यातले चांगले जंतू कमी झालेत आणि ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसमुळे शरीर आतून गंजतंय. म्हणून रोज प्रोबायोटिकची कॅप्सूल, क आणि ई जीवनसत्त्वांच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या, आणि आता शौचाचा नमुना पाठवून जंतूंचा अहवाल मागवायचा बेत. व्यायामाने फ्री रॅडिकल्स वाढतात म्हणून वजनं उचलणं बंद केलंय. रात्री फक्त फळं आणि पातळ सूप. मुलीच्या मते हे सगळं थोतांड आहे. मुलगा प्रोटीन पावडरचे डबे पाठवतो. मी तिघांच्या मध्ये अडकलेय. कुणाचं ऐकू? माझं म्हणाल तर मी ठीक आहे. बरणीचं झाकण हल्ली उघडत नाही आणि जिन्यात कठडा धरावा लागतो, पण ते वयानुसार चालायचंच.

ताई, नमस्कार.

तुम्ही जाता जाता लिहिलेल्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण मला सगळ्यात जास्त तेच खटकलं. सगळं पत्र यजमानांबद्दल आहे आणि स्वतःबद्दल एक ओळ. ती ओळ मात्र नेमकी तीच आहे, जी डॉक्टरांनी मुद्दाम विचारून काढून घ्यावी लागते. हाताची पकड हे म्हातारपणी स्नायूंची ताकद मोजायचं जगभर मानलेलं माप आहे. दांडा दाबला की किलोत आकडा दाखवणारं एक साधं यंत्र असतं. आशियातल्या तज्ज्ञगटाने २०१९ मध्ये ठरवलेल्या निकषांनुसार बाईची पकड १८ किलोच्या आणि पुरुषाची २८ किलोच्या खाली गेली, तर ताकद कमी झाली असं धरतात. न उघडणारं झाकण म्हणजे हीच परीक्षा, फक्त आकड्याशिवाय. त्यातून बायकांच्या अंगावर स्नायू मुळातच कमी, म्हणजे गमवायला शिल्लकही कमी. तेव्हा पुढे जे लिहितेय ते तुम्हा दोघांसाठी आहे, असं समजून वाचा.

'वयानुसार चालायचंच' हे अर्धं खरं आहे. तिशी-चाळिशीनंतर दर दशकात साधारण ३ ते ८ टक्के स्नायू कमी होतात, साठीनंतर हा वेग वाढतो आणि ताकद तर स्नायूंच्या आकारापेक्षाही भराभर घटते. झटकन हालचाल करायला लागणारे जलद तंतू आधी बारीक होतात. म्हणूनच तोल गेल्यावर पाय पटकन पुढे टाकून सावरणं जड जातं. १९८९ मध्ये अर्विन रोझेनबर्ग यांनी या झिजेला 'सार्कोपेनिया' असं नाव दिलं आणि २०१६ पासून अमेरिकेत तिला आजारांच्या यादीत स्वतंत्र क्रमांक मिळाला. चालायचंच म्हणून सोडून द्यायची ही गोष्ट असती, तर एवढा खटाटोप कुणी केला नसता.

वजनाबद्दल यजमानांचा हिशेब चुकतोय. वजनकाट्याला चरबी आणि स्नायू यांतला फरक कळत नाही. या वयात स्नायू जातो आणि त्याच्या जागी, अगदी तंतूंच्या मधल्या फटींतसुद्धा, चरबी शिरते. काट्यावरचा आकडा जागचा हलत नाही आणि माणूस निर्धास्त राहतो. मांडी बारीक, पोट थोडं पुढे आणि वजन जैसे थे, असं चित्र असेल तर मी उलट जास्त सावध होईन.

आता जंतूंकडे वळू. मुलगी म्हणते हे थोतांड आहे. मला तसं वाटत नाही. यजमान जे वाचतायत त्यामागे खरं संशोधन आहे. गडबड होतेय ती त्यातून काढलेल्या निष्कर्षात.

आपल्या शरीरात अंदाजे ३८ लाख कोटी जीवाणू असतात, बहुतेक मोठ्या आतड्यात. (आपल्या पेशींच्या दहापट जंतू असतात हे वाक्य अजूनही जागोजागी दिसतं, पण २०१६ मध्ये नव्याने हिशेब मांडला तेव्हा प्रमाण जवळपास एकास एक निघालं.) आपल्याला न पचलेला तंतुमय भाग हे जंतू आंबवतात आणि त्यातून ॲसिटेट, प्रोपिओनेट, ब्युटिरेट अशी छोटी मेदाम्लं तयार होतात. यातलं ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचं मुख्य इंधन. हे अस्तर म्हणजे पेशींचा एकच थर. पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या आणि वर बुळबुळीत श्लेष्माचा लेप. ताटात तंतुमय पदार्थ कमी झाले की ब्युटिरेट बनवणारे जंतू रोडावतात, काही जंतू तर चक्क तो श्लेष्माच खायला लागतात. लेप पातळ होतो, पेशींमधले सांधे सैलावतात आणि जंतूंच्या कवचाचे तुकडे थोडे थोडे रक्तात झिरपतात. रोगप्रतिकारक यंत्रणेला हे तुकडे म्हणजे शत्रू. ती सतत मंद आचेवर तापलेली राहते. म्हातारपणातल्या या दबक्या दाहाला क्लॉडिओ फ्रान्चेस्की यांनी २००० साली 'इन्फ्लमेजिंग' असं नाव दिलं. दाहाचे हे संदेश स्नायूंपर्यंत पोचले की तिथे ऑक्सिजनचे उपद्रवी रेणू (हेच ते फ्री रॅडिकल्स) जास्त तयार होतात, प्रथिनं मोडणारी यंत्रणा जोर धरते आणि नवी प्रथिनं बांधणारी मंदावते. यजमान ज्याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात तो इथे येऊन मिळतो. स्नायूंच्या पेशीतली ऊर्जाकेंद्रं, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, वयानुसार तशीही जुनाट झालेली असतात आणि असे रेणू जास्त सोडतात. त्यात ही बाहेरून आलेली भर.

हे नुसतं कागदावरचं नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात जन्मापासून जंतूंशिवाय वाढवलेल्या उंदरांचे स्नायू बारीक असल्याचं दिसलं. त्यांच्या पोटात जंतू सोडल्यावर ते सुधारले, आणि नुसती मेदाम्लं दिली तरी काही अंशी फरक पडला. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका अभ्यासात धडधाकट वृद्ध माणसांचे जंतू उंदरांत सोडल्यावर त्यांची पकड वाढलेली आढळली. तेव्हा आतडं आणि स्नायू यांचं नातं आहे, हे यजमानांना जरूर सांगा. तुम्ही त्यांच्या बाजूने एक वाक्य बोललात, तर पुढचं ऐकून घ्यायला ते तयार होतील.

पण ही सगळी मंडळी उंदीर आहेत, आणि जन्मात एकही जंतू न पाहिलेला उंदीर म्हणजे ७२ वर्षांचा माणूस नव्हे. माणसांवरचे प्रयोग पाहिले की जोर ओसरतो. २०२४ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजने प्रसिद्ध केलेला एक प्रयोग तुमच्या घराला चपखल बसतो. साठीपुढच्या जुळ्यांच्या ३६ जोड्या घेतल्या. सगळ्यांना ताकदीचा व्यायाम आणि प्रथिनांची पूड दिली. शिवाय जोडीतल्या एकाला प्रीबायोटिक, म्हणजे जंतूंचं खाद्य, आणि दुसऱ्याला तसलीच दिसणारी नुसती पूड. १२ आठवड्यांनी मोजलं काय, तर खुर्चीतून उठायला लागणारा वेळ. प्रीबायोटिक घेणाऱ्यांच्या पोटात बायफिडोबॅक्टेरियम जातीचे जंतू वाढले, स्मरणशक्तीच्या एका चाचणीत त्यांचे गुणही सुधारले. खुर्चीतून उठण्यात मात्र दोन्ही गटांत फरक नव्हता. म्हणजे जंतू बदलले, मांड्यांना त्याचा पत्ता नाही.

यजमानांच्या विचारात एक गृहीतक दडलंय, की बाण एकाच दिशेने जातो: आधी जंतू बिघडले, मग स्नायू. आयर्लंडमध्ये १७८ वृद्धांच्या जंतूंचा अभ्यास झाला, तो २०१२ मध्ये छापून आला. दीर्घकाळ शुश्रूषागृहात राहणाऱ्यांच्या पोटातले जंतू कमी विविध होते, आणि ते जास्त जर्जरही होते. पण त्यांच्या ताटातलं अन्नही तितकंच एकसुरी होतं. घरातून हलला, हालचाल थांबली, जेवण मऊ आणि तेच ते झालं, औषधं वाढली, मग जंतूही बदलले. यात कारण कुठलं आणि परिणाम कुठला? मला तर वाटतं बाण दोन्हीकडून सुटतात, आणि त्यातला आपल्याला धरता येणारा बाण हालचालीकडून येतो. अंगमेहनत न करणाऱ्या माणसांना ६ आठवडे व्यायाम करायला लावला, तेव्हा ब्युटिरेट बनवणारे जंतू वाढले, विशेषतः सडपातळ लोकांत. व्यायाम थांबवल्यावर ६ आठवड्यांत बरंचसं पुन्हा पूर्ववत. म्हणजे यजमान ज्या जंतूंसाठी कॅप्सूल घेतायत, त्यांच्याच पोटावर व्यायाम सोडून त्यांनी पाय दिलाय.

आता गंजाबद्दल. शरीर आतून गंजतं ही कल्पना जुनी आहे. डेनहॅम हार्मन यांनी १९५६ मध्ये वार्धक्याचं खापर फ्री रॅडिकल्सवर फोडलं, तेव्हापासून ती लोकांच्या डोक्यात पक्की बसलीय, आणि गोळ्यांच्या जाहिरातींनी ती अजून घट्ट केली. पण लोखंडाला गंज चढला तर ते काही करत नाही, पडून राहतं. स्नायू प्रत्युत्तर देतो. तुम्ही वजन उचलता किंवा जिना चढता तेव्हा स्नायूत हे रेणू वाढतात हे खरंच आहे. नेमकी हीच वाढ पेशीला सांगते की काम वाढलंय, तयारीला लागा. मग पेशी हे रेणू निकामी करणारी स्वतःची अँटिऑक्सिडंट विकरं जास्त बनवते, नवी मायटोकॉन्ड्रिया उभी करते. थोडा वेळ वाढून ओसरणारा ताण आणि दिवसरात्र रेंगाळणारा ताण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला स्नायूला हवा असतो, दुसरा त्याला पोखरतो. यजमानांनी दुसऱ्याच्या भीतीने पहिला बंद केला.

गोळ्यांनी तर अजून घोळ होतो, कारण क आणि ई जीवनसत्त्वंही अँटिऑक्सिडंटच आहेत. २००९ च्या एका जर्मन प्रयोगात तरुण पुरुषांना ४ आठवडे व्यायाम दिला. त्यातल्या काहींना रोज १००० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व आणि ४०० युनिट ई जीवनसत्त्व. गोळ्या न घेणाऱ्यांच्या शरीराची इन्सुलिनला दाद देण्याची क्षमता सुधारली. गोळ्या घेणाऱ्यांमध्ये तो फायदा बुजला. हे तरुणांचं झालं, आमच्या वयाला काय लागू, असं यजमान म्हणतील. त्यांच्यासाठी नॉर्वेतल्या संशोधकांचा २०१६ चा अभ्यास आहे: वयस्क पुरुष, १२ आठवडे वजनांचा व्यायाम. क आणि ई च्या मोठ्या मात्रा घेणाऱ्या गटात स्नायूंची भर न घेणाऱ्यांपेक्षा कमी पडली. ई जीवनसत्त्वाची आणखी एक बाजू पुरुषांनी लक्षात ठेवावी. अमेरिकेतल्या ३५ हजारांहून जास्त पुरुषांच्या एका मोठ्या चाचणीत रोज ४०० युनिट घेणाऱ्यांमध्ये प्रोस्टेटच्या कर्करोगाचं प्रमाण १७ टक्के जास्त आढळलं. तेव्हा डॉक्टरांनी एखाद्या कमतरतेसाठी लिहून दिलं नसेल तर या मोठ्या मात्रा थांबवायला सांगा, असं मी स्पष्टच म्हणते. फळं-भाज्यांतून मिळणाऱ्या जीवनसत्त्वांना हे लागू नाही, ती खुशाल खावीत.

प्रोबायोटिक कॅप्सूलबद्दल माझं मत एवढं कडक नाही. निरोगी माणसाला सहसा त्यातून अपाय होत नाही, पण स्नायूंसाठी अमुक जातीचा जंतू अमुक मात्रेत घ्या असं म्हणण्याइतका पुरावा जमलेला नाही. प्रतिजैविकांच्या कोर्सनंतर लोक डोळे मिटून प्रोबायोटिक घेतात. २०१८ च्या एका छोट्या प्रयोगात मात्र अशा कॅप्सूलमुळे माणसाचे मूळचे जंतू परतायला उलट उशीर झाला. रोगप्रतिकारशक्ती फार खालावलेल्यांनी तर त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नयेत. आंबवलेले पदार्थ ही त्यामानाने भरवशाची वाट आहे. स्टॅनफर्डमधल्या २०२१ च्या प्रयोगात १० आठवडे रोज भरपूर आंबवलेले पदार्थ खाणाऱ्यांच्या जंतूंची विविधता वाढली आणि रक्तातल्या दाहाच्या खुणा कमी झाल्या. साधं दहीसुद्धा यात आलं.

आणि तो शौचाचा अहवाल? नका मागवू. पैसे वाचवा. रंगीत आलेख येतील, जंतूंची लांबलचक नावं येतील, पण ७२ वर्षांच्या माणसात कुठला जंतू किती असावा याचं सर्वमान्य प्रमाण ठरलेलंच नाही. अहवाल कसाही आला तरी सल्ला तोच मिळणार: तंतुमय खा, हालचाल करा. कधी कधी त्याच कंपनीची कॅप्सूलही सुचवलेली असते. त्यापेक्षा घरच्या घरी, फुकट होणारी एक चाचणी करा.

हात नसलेली, नेहमीच्या उंचीची खुर्ची घ्या आणि पाठीमागून भिंतीला टेकवा म्हणजे सरकणार नाही. पाय जमिनीवर सपाट, हात छातीशी घडी घातलेले. 'सुरू' म्हटल्यावर पूर्ण उभं राहायचं, गुडघे सरळ, पुन्हा बसायचं, असं पाच वेळा, जमेल तितक्या झपाट्याने. दुसऱ्याने शेजारी उभं राहून वेळ मोजायची, पाचव्यांदा उभं राहिल्यावर घड्याळ थांबवायचं. आशियाई निकषांनुसार १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले, तर पुढे तपासून घ्यावं. युरोपीय तज्ज्ञ १५ सेकंदांच्या पुढे गेलं की ताकद कमी मानतात. हातांशिवाय एकदाही उठता आलं नाही, तर तेच उत्तर समजा, ओढाताण करू नका. तुम्ही दोघांनीही करा. आधी तुम्ही करा, ते घड्याळ धरतील. नवऱ्याची परीक्षा घेणारी बायको कुणालाच आवडत नाही. घड्याळ त्यांच्या हातात असलं की मात्र तेही हौसेने खुर्चीत बसतील, बघा. तारखेसह सेकंद लिहून ठेवा, कारण तीन महिन्यांनी तोच कागद उपयोगी पडणार आहे.

औषध म्हणाल तर ते व्यायामच आहे, आणि तोही अंगावर भार घेऊन केलेला. चालणं हृदयाला आणि मनाला छान, पण मांडीचा स्नायू नुसत्या चालण्याने फारसा वाढत नाही. 'आता या वयात?' याला उत्तर १९९४ सालीच मिळून गेलंय. शुश्रूषागृहात राहणाऱ्या १०० जर्जर वृद्धांवर प्रयोग झाला, सरासरी वय ८७. त्यातल्या ज्यांनी १० आठवडे देखरेखीखाली जड वजनांचा व्यायाम केला, त्यांची ताकद दुपटीहून जास्त झाली, चालण्याचा वेग वाढला, जिने चढणं सुधारलं. नुसता पोषक आहार मिळालेल्या गटाला असा फायदा दिसला नाही. प्रोटीनचे डबे पाठवणाऱ्या चिरंजीवांना हे शेवटचं वाक्य वाचून दाखवा.

सुरुवात त्याच खुर्चीवर करा. आठवड्यातून दोन-तीनदा, मध्ये एक दिवस विश्रांती. उठायचं सावकाश, बसायचं त्याहून सावकाश. धपकन बसणं टाळायचं, कारण शरीर खाली नेताना मांडी जे काम करते त्यातच खरी कमाई आहे. आठ-दहा वेळा झालं की थांबा, श्वास जागेवर येऊ द्या, पुन्हा एक-दोन फेऱ्या. शेवटच्या दोन-तीन खेपा जड वाटायला हव्यात. न दमता पंधरा वेळा होत असेल तर हातात वजन घ्यायची वेळ झाली. सध्या यजमानांना हाताच्या आधाराशिवाय जमत नसेल तर खुर्चीवर घट्ट उशी टाकून बैठक उंच करा आणि दर पंधरवड्याने ती कमी करत आणा. भिंतीला हात टेकून दंड काढणं, टाचा उचलणं, दोन्ही हातांत वजनाच्या पिशव्या धरून घरात फेऱ्या मारणं, हे हळूहळू जोडा. पिशव्यांचा व्यायाम खास तुमच्या झाकणासाठी. श्वास रोखून जोर लावू नका. रक्तदाब, हृदयविकार, हर्निया, नुकतीच शस्त्रक्रिया किंवा गुडघ्यांचं जुनं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारून, जमल्यास फिजिओथेरपिस्टकडून पहिल्या काही दिवसांचं मार्गदर्शन घ्या. दुसऱ्या दिवशी मांड्या ठणकणं ठीक आहे, सांध्यात कळ येणं ठीक नाही.

आजारपणात 'पडून राहा, विश्रांती घे' म्हणून प्रेमाने केलेला आग्रहही महागात पडतो. निरोगी वृद्धांना प्रयोगासाठी १० दिवस अंथरुणात ठेवलं, तर पायांचे स्नायू जवळजवळ एक किलोने घटले. ताप उतरल्या उतरल्या खुर्चीपर्यंत तरी चला.

ताटाबद्दल तुमच्या घरात दोन पक्ष आहेत, एकाला प्रोटीन हवंय, दुसऱ्याला जंतूंचं खाद्य. हे भांडण खोटं आहे, कारण कडधान्यं आणि डाळी दोन्ही देतात. पण रात्रीच्या फळं-सुपावर मला बोलावंच लागेल. वयस्क स्नायू प्रथिनांना कमी दाद देतो. तरुणाला जेवढ्यात काम भागतं, त्याच कामासाठी वृद्धाला एका जेवणात जास्त लागतं, साधारण २५ ते ३० ग्रॅम. दिवसभराचा हिशेब वजनाच्या प्रत्येक किलोमागे १ ते १.२ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६० ते ७२ ग्रॅम. एका अंड्यात ६ ग्रॅमच्या आसपास असतात, पाव लिटर दुधात ८ च्या आसपास. आता सुपाची वाटी डोळ्यांसमोर आणा. 'हलकं जेवण' म्हणत आपण रात्रीच्या ताटातून प्रथिनंच काढून टाकतो. संध्याकाळी जरा लवकर जेवा, कमी तेलात जेवा, पण अंडं, मासे, दूध-दही, डाळ, पनीर, सोयाबीन यातलं काहीतरी भरीव ताटात असू द्या. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र हे आकडे लागू नाहीत, तिथे डॉक्टर सांगतील तेच.

तंतुमय पदार्थ दिवसाला किमान २५ ग्रॅम असावेत असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. कोंड्यासकट धान्यं, सालीसकट डाळी, पालेभाज्या, शेंगा, फळं, दाणे अशी आलटून पालटून ठेवा, कारण वेगवेगळ्या जंतूंना वेगवेगळं खाद्य लागतं. एकदम वाढवू नका, पोट फुगेल आणि यजमान त्याचा दोष तुमच्या स्वयंपाकाला देतील. आठवड्याला थोडं थोडं वाढवा, पाणीही वाढवा. डाळिंब आणि अक्रोड यांचं हल्ली कौतुक चालू आहे, कारण त्यातल्या द्रव्यांपासून काहींचे जंतू युरोलिथिन ए नावाचं रसायन बनवतात, जे जुनाट मायटोकॉन्ड्रिया साफ करायला मदत करतं. सगळ्यांच्या पोटात ते बनवणारे जंतू नसतात. त्याच्या गोळ्यांचीही चाचणी झालीय. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत ६५ वर्षांपुढच्या लोकांत स्नायूंचा दम थोडा वाढला, पण ६ मिनिटांत किती अंतर चालता येतं यात तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांपेक्षा फरक नव्हता. डाळिंब आवडतं म्हणून खा.

डॉक्टरांकडे एकदा जा, आणि दोघंही जा. बरोबर सगळ्या औषधांची यादी न्या, यजमानांच्या गोळ्या-कॅप्सूलसकट. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्यांनी काहींचे स्नायू दुखतात. आम्लपित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू असतील तर त्यांनी आतड्यातले जंतू बदलतात, शिवाय बी १२ कमी होऊ शकतं. यातली कुठलीही गोळी मनाने बंद करू नका, गरज अजून आहे का एवढं विचारा. थायरॉइड, साखर, ड जीवनसत्त्व आणि बी १२ बघायला सांगा. थकवा आणि अशक्तपणा यांचं कारण कित्येकदा तिथेच सापडतं, आणि आपण उगीच जंतूंच्या मागे लागलेले असतो. काही महिन्यांत आपोआप वजन उतरलं, ताकद एकाच बाजूची गेली, गिळायला त्रास व्हायला लागला, वारंवार पडायला झालं किंवा आठवड्या-दोन आठवड्यांत अशक्तपणा झपाट्याने वाढला, तर व्यायामाचा प्रयोग करत बसू नका. अचानक एका बाजूचा हात-पाय लुळा पडला किंवा बोलणं अडखळलं, तर तडक दवाखाना गाठा.

यजमानांशी बोलताना 'तुमचं सगळं चुकतंय' असं म्हणू नका. ते अभ्यासू दिसतात, आणि अभ्यासू माणसाला प्रयोग आवडतो. कॅप्सूल हवी तर चालू राहू दे, तिच्यावरून भांडण नको. मोठ्या मात्रेच्या गोळ्या बंद, व्यायाम चालू, रात्री प्रथिनं, एवढ्या तीन गोष्टी १२ आठवड्यांसाठी मान्य करून घ्या. मग पुन्हा तीच खुर्ची, तेच घड्याळ, आणि आधी लिहून ठेवलेले सेकंद. मुलीलाही सांगा की बाबा वाचतात ते थोतांड नाही, कारण तिच्या त्या शब्दामुळेच ते हट्टाला पेटले असावेत अशी मला दाट शंका आहे.

राहिली मुलाची पावडर. जेवणातून प्रथिनं पुरत असतील तर तिची गरज नाही. दात, भूक किंवा पचन यामुळे पुरत नसतील, तर रोज एक मापभर दुधात घालायला हरकत नाही. डब्यावरचा मजकूर वाचून साखर किती आहे ते बघा, आणि मूत्रपिंडाची तपासणी झाल्याशिवाय डबा उघडू नका. पुढच्या वेळी डब्याऐवजी पकड मोजायचं ते यंत्र पाठव म्हणावं.